घर विकण्याआधीची डागडुजी: आधी पाणी, मग लाकूड, रंग सगळ्यात शेवटी

घर बघायला आलेला माणूस आत शिरल्याबरोबर दार ढकलतो, एखादा नळ सोडून बघतो, दिव्याचं बटण दाबतो आणि मान वर करून छताचे कोपरे न्याहाळतो. नळ टपकताना दिसला की भिंतीतले पाइप, वरची टाकी, पलीकडच्या खोलीतली ओल असं सगळं त्याच्या डोक्यात एकापाठोपाठ येऊ लागतं आणि तो किंमत पाडून मागतो. त्या नळाचा वायसर बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. म्हणून विक्रीआधी हात घालायचा तो शंका उत्पन्न करणाऱ्या बारीकसारीक गोष्टींना. नवं स्वयंपाकघर, नवी फरशी, छताला नक्षी यांच्या वाटेला जाऊ नका. घेणारा ते स्वतःच्या आवडीनं बदलतोच, आणि तुमचा खर्च क्वचितच भरून निघतो.

नवशिक्यांची सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे रंगापासून सुरुवात करणं. रंग झाल्यावर गळती सापडते, भिंत फोडावी लागते आणि ठिगळ लपवायला सगळी भिंत पुन्हा रंगवावी लागते. क्रम असा ठेवा: पाहणी, पाणी, भिंती वाळवणं, दारं-खिडक्या, वीज, भेगा आणि पुट्टी, रंग, सफाई. हाताशी पाच-सहा आठवडे ठेवा. भिंतीत ओल असेल तर दोन ते तीन महिने धरा, कारण भिंत तिच्या वेळेनंच वाळते.

पाहणी: वही, बॅटरी आणि एक नाणं

फाटकापासून किंवा जिन्यापासून सुरुवात करा आणि परका माणूस जसा चालेल तसे चाला. प्रत्येक खोलीला वहीचं वेगळं पान द्या. एक फेरी दिवसा, खिडक्या सताड उघड्या ठेवून. दुसरी अंधार पडल्यावर, दिवे मालवून. या फेरीत बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जाईल. समोरून सपाट वाटणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे, जुनी ठिगळं, केसासारख्या भेगा, सुटू लागलेले पोपडे अशा तिरप्या उजेडात लगेच उठून दिसतात. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं बारीक फुली मारा.

नाण्यानं टाइलवर आणि गिलाव्यावर टकटक करत जा. पक्की जागा घट्ट, बंद आवाज देते. मागून सुटलेली जागा पोकळ वाजते. एकट्या टाइलचा कोपरा पोकळ असेल तर ती तशीच राहू द्या. सलग चार-सहा टाइल पोकळ असतील तर त्या कधीही सुटू शकतात, तेव्हा त्या काढून पुन्हा बसवणं भाग आहे.

वहीतल्या नोंदींचे मग दोन गट करा. गॅसची जोडणी, विजेची वायर बदलणं, छपरावर किंवा उंचावर चढून करायचं काम, स्लॅबच्या लोखंडाचा गंज आणि रुंद तडे हे जाणकारानं करायचं काम आहे. बाकीचं बहुतेक तुम्ही करू शकता. घर जुनं असेल तर दोन सावधगिऱ्या पाळा. अनेक दशकांपूर्वीच्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा पाइप असतील तर त्यांना कापू, घासू किंवा भोक पाडू नका.

पाणी: सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश

लपलेली गळती आहे का हे मीटर सांगतो. घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा टिपून घ्या, तासभर कोणालाही पाणी वापरू देऊ नका आणि पुन्हा आकडा बघा. तो पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. मीटर नसेल तर रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, टाकीत येणारं पाणी बंद करा आणि सकाळी पातळी पडताळा.

पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या. टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर झिजलंय किंवा त्यावर क्षार बसलाय. टाकी रिकामी करून रबर आणि ते जिथे बसतं ती कड बोटानं पुसून बघा. खरखरीत लागली तर मऊ घासणीनं साफ करा. तरीही गळत असेल तर रबर बदला. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून आत सांडत असेल तर दोष तळाचा नसून फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याचा आहे. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली साधारण अडीच सेंटीमीटर राहील इतका फ्लोट खाली घ्या.

आता टपकणारा नळ. आधी पाणी बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका. मग बेसिनचं भोक फडक्यानं बुजवा. हे विसरलं की मुठीतला बारीक स्क्रू हमखास त्याच भोकात जातो. अनेक फेरे फिरवावा लागणारा जुना नळ असेल तर आत स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा, आणि त्याच्या टोकाला रबरी वायसर असतो. वायसर बदला, पण नळाच्या आतली धातूची कड बोटानं चाचपून बघा. तिला खाच पडली असेल तर नवा वायसरही चार दिवसांत कापला जातो आणि लोक वायसरलाच नावं ठेवतात. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. जुनं कार्ट्रिज काढून दुकानात सोबत न्या, कारण लांबी, दात्यांची संख्या आणि उघडण्याची दिशा या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. गरम आणि गार बाजूची कार्ट्रिज बहुधा उलट दिशांनी उघडतात.

आट्यांचा सांधा जोडताना टेफ्लॉन टेप लावाल तेव्हा आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ताणून गुंडाळा. पातळ टेपचे आठ-दहा वेढे पुरतात. उलट गुंडाळलेली टेप नळ फिरवताना सुटून बाहेर गोळा होते. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ बसवत असाल तर हातानं घट्ट करून पान्यानं जेमतेम एक फेरा द्या. जास्त जोर लावला तर प्लास्टिक आतून चिरतं आणि गळती भिंतीत सुरू होते. नळाच्या तोंडाची जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. ‘पाण्याला जोर नाही’ ही तक्रार बहुतेकदा त्या जाळीतच अडकलेली असते.

ओल: कुठून येते ते कळल्याशिवाय हात लावू नका

भिंतीवर ओलीचा डाग आहे, पण पाणी भिंतीतून येतंय की खोलीतली वाफ थंड भिंतीवर साचतेय? डागावर सुमारे ४५ सेंटीमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि पूर्ण दिवस-रात्र राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे, आणि तिथे खिडकी उघडी ठेवणं, पंखा लावणं, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढणं हाच उपाय.

ओल भिंतीतली असेल तर जागा बोलते. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत सलग पट्टा दिसला तर ओल जमिनीतून चढतेय. न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर असेल तर टाइलचे सांधे किंवा पाइप बघा. छताच्या कोपऱ्यात असेल तर वरचा उतार, पन्हाळ, गच्चीची फट. पावसातच वाढणारा डाग बाहेरच्या भेगेकडे बोट दाखवतो, बारमाही सारखाच राहणारा डाग पाइपकडे.

पांढरी भुकटी फुटली असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर तो कोरड्या ताठ ब्रशनं झाडा आणि भुकटी गोळा करून बाहेर टाका. धुऊ नका, कारण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा गिलाव्यात शिरतात आणि वाळताना परत वर येतात. काळी बुरशी असेल तर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा ते पंधरा भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटांनी पुसा. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

कारण दूर झाल्यावर फुगलेला रंग आणि भुसभुशीत गिलावा खरवडून भिंत उघडी पाडा आणि तशीच वाळू द्या. उघड्या भिंतीला हवा लागते, रंगवलेलीला लागत नाही. नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर रंगाआधी २८ दिवस थांबा. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ रंग फासून, वर वॉलपेपर चिकटवून ओल ‘संपवणारे’ पुष्कळ आहेत. ती दुप्पट पसरून बाजूच्या कोपऱ्यातून बाहेर पडते, बऱ्याचदा नेमकी व्यवहार पुरा व्हायच्या आत. शिवाय माहीत असलेला दोष झाकून विकणं ही फसवणूक आहे, आणि बऱ्याच देशांत कायदाही विक्रेत्याला असे दोष उघड करायला लावतो.

न्हाणीघरातले सांधे

टाइल जुन्या असल्या तरी चालतात. काळवंडलेले सांधे चालत नाहीत. ग्राउट, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरायचा मसाला, नुसतं वरून फासलं तर महिन्याभरात निघतं. आधी खरवडणीनं जुनं ग्राउट किमान दोन-तीन मिलिमीटर खोल काढा, धूळ ब्रशनं झाडा, सांधे किंचित ओलसर करा. सिमेंटचं ग्राउट टूथपेस्टइतकं दाट कालवा आणि पाच-दहा मिनिटं राहू द्या. मग पुन्हा ढवळा, पण आता पाणी घालू नका. रबरी पत्र्यानं टाइलच्या कर्णाच्या दिशेनं दाबत भरा. सांध्याच्या रेषेत ओढलात तर पत्र्याची कड भरलेलं ग्राउट उकरून काढते. वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजनं पुसा. स्पंज ओलागच्च असेल तर ग्राउट पातळ होऊन वाळल्यावर फिकट डाग राहतात. पुढे २४ तास तिथे पाणी नको.

एक अपवाद महत्त्वाचा. दोन भिंती जिथे मिळतात, भिंत आणि जमीन मिळते किंवा ओटा आणि टाइल मिळतात तिथे ग्राउट भरू नका. या जागा थोड्याफार हलतात आणि ग्राउट तडकतं. तिथे ट्यूबमधून भरायचं, रबरासारखं लवचिक सिलिकॉन हवं. जुनं सिलिकॉन पातीनं मुळापासून काढा, कारण जुन्यावर नवं धरत नाही. जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी करा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, ट्यूबचं तोंड तिरकं कापा आणि एकाच संथ ओघात भरा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि लगेच टेप काढा. दुसऱ्यांदा बोट फिरवण्याचा मोह आवरा, कारण तोवर वर साय धरलेली असते आणि ती फाटते. बाथटब असेल तर आधी तो पाण्यानं भरा आणि मगच सिलिकॉन भरा, म्हणजे वजनानं तो जितका खाली बसायचा तितका बसलेला असेल. संगमरवराजवळ व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल दगडाला डाग पाडतं. तिथे न्यूट्रल प्रकार घ्या.

दारं, कपाटं, कड्या

घासणारं दार दिसलं की लोक रंधा शोधतात. आधी बिजागरी बघा. दार अर्धं उघडून कडीच्या बाजूनं हलकेच वर उचला. हललं तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत आणि दार कडीच्या बाजूला खाली झुकलंय. स्क्रू जागच्या जागी फिरत राहत असेल तर भोक मोठं झालंय. त्यात लाकडाचा गोंद लावलेल्या काड्या ठोकून बसवा, वाळल्यावर चौकटीला लागून कापा, दोन मिलिमीटरचं भोक पाडा आणि तोच स्क्रू पुन्हा पिळा. एवढ्यानं बहुतेक दारं सरळ होतात.

तरीही घासत असेल तर चौकटीच्या कडेला खडू लावून दार बंद करा. खडू जिथे उमटेल तेवढंच रंधून काढा, आणि दार व चौकट यांच्यात चहूकडे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. पावसाळी हवेत फुगलेलं दार रंधू नका. कोरड्या दिवसांत ते आकसतं आणि मग फट मोठी दिसते. रंधलेली कड उघडी न ठेवता तिला प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) आणि रंग द्या. दाराची खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून ती नेहमी कोरी राहते आणि पाणी तिथूनच पितं.

करकरणाऱ्या बिजागरीची खीळ काढून पुसा आणि पेट्रोलियम जेली चोळा. कुलपात मात्र तेल सोडू नका, धूळ चिकटून ते जाम होतं. मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासून किल्ली पाच-सहा वेळा आतबाहेर करा.

स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं तिरकी लोंबत असतील तर बदलण्याआधी आतली लपवलेली बिजागरी नीट बघा. दाराच्या जवळचा स्क्रू दार डावीकडे-उजवीकडे सरकवतो. मागचा स्क्रू दार आत-बाहेर घेतो. पट्टीचे वर-खालचे स्क्रू ढिले करून उंची जुळवता येते. दर वेळी अर्धाच फेरा फिरवा, दार मिटून बघा, मग पुढचा. सगळ्या दारांच्या फटी एका रेषेत आल्या की जुनं कपाटही नीटनेटकं वाटतं. त्यावर एकसारखी नवी हँडल लावायची असतील तर आधी जुन्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच मापाची आणा.

वीज

इथे मोजकंच करा. टेस्टर आधी वीज चालू असलेल्या ठिकाणी तपासून घ्या, मग मुख्य स्विच बंद करा आणि टेस्टर कामाच्या जागी लावून वीज नसल्याची खात्री करा. पिवळे पडलेले बोर्डाचे मुखवटे आणि फुटलेले होल्डर बदला. वायर कडक झालेली, जळकट किंवा उघडी दिसली तर मुखवटा परत लावून वायरमनला बोलवा. गळती प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरचं (आरसीसीबी) चाचणीचं बटण दाबून बघा. तो खटकन पडला पाहिजे. एका खोलीतले सगळे दिवे एकाच छटेचे ठेवा. छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळसर: बसायच्या आणि झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात ४०००.

भेगा आणि पुट्टी

केसाएवढी भेग पुट्टीनं वरवर झाकली तर ती परत दिसते, कारण पुट्टी आत शिरतच नाही. पातीच्या टोकानं भेग इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडा, धूळ काढा, ॲक्रिलिक फिलर दाबून भरा. खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यात उभी सरळ भेग असेल तर दोन्ही साहित्यं उष्णतेनं वेगवेगळी हलतात, म्हणून तिथे फिलरवर सुमारे दहा सेंटीमीटर रुंदीची फायबरची जाळी लावून मग पुट्टी करा. खिडकीच्या चौकटीभोवती ॲक्रिलिक सीलंट वापरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

पाच मिलिमीटरहून रुंद तडा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरकी चढणारी भेग, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्याला रुंद होत जाणारी भेग, किंवा भिंतीच्या दोन्ही अंगांनी दिसणारी भेग स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. दरम्यान भेगेच्या टोकांवर पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवा, म्हणजे ती वाढतेय का हे कळतं. स्लॅबला फुगवटा येऊन गंजाचे तांबूस डाग दिसत असतील तर वरून गिलावा ओढू नका. आतली सळई गंजून फुगतेय आणि तीच काँक्रीट ढकलून पाडते.

सिमेंटच्या पांढऱ्या पुट्टीत एक किलोला साधारण ३६० ते ४०० मिलिलीटर पाणी लागतं. गुठळ्या मोडेपर्यंत कालवा आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच करा. आधी भिंतीवर पाण्याचा हलका हात फिरवा, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषते आणि थर भुकटीसारखा सुटतो. दीड मिलिमीटरहून जाड थर एका वेळी देऊ नका. दोन हात द्या. पूर्ण वाळल्यावर मास्क लावून आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. आता पुन्हा बॅटरी तिरपी धरून बघा, कारण इथे राहिलेला चढउतार रंगानंतर जास्तच दिसतो.

रंग

किती रंग लागेल याचा हिशोब सोपा आहे. खोली तीन बाय चार मीटर आणि उंची २.८ मीटर असेल तर भिंतींची एकूण लांबी १४ मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारे ३९ चौरस मीटर. दार-खिडकीचे चार वजा केले की ३५. दोन हातांचे ७०. एक लिटर इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) एका हातात साधारण दहा चौरस मीटर जातं, म्हणून सात लिटर. नेमका आकडा डब्यावर असतो, पाणी किती मिसळायचं तेही. दोन डबे असतील तर आधीच एका बादलीत एकत्र करा, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलणार नाही.

भिंती फिकट आणि तटस्थ ठेवा, छत पांढरं. जुन्या ओलीच्या किंवा धुराच्या डागावर थेट इमल्शन दिलं तर डाग दोन दिवसांत पिवळा होऊन वर येतो. तिथे आधी डाग रोखणारा प्राइमर लावा. पुट्टी केलेल्या प्रत्येक जागी साधा प्राइमर हवाच. तो वगळला तर तेवढा भाग रंग जास्त पितो आणि ठिगळासारखा निस्तेज दिसतो.

छत आधी, भिंती मग, दारं शेवटी. ब्रशनं कडेची पाच-सात सेंटीमीटरची पट्टी ओढा आणि ती ओली असतानाच शेजारी रोलर फिरवा. चारही कडा आधी रंगवून जेवायला गेलात तर परत आल्यावर चौकटीसारखी रेघ उमटते. एक भिंत एका बैठकीत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोन हातांत किमान चार तास जाऊ द्या. मास्किंग टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच तिरकी ओढून काढा, वाळल्यावर काढली तर रंगाचा पापुद्रा सोबत येतो.

घर दाखवायच्या आठवड्यात

रंग आणि सिलिकॉनचा वास जायला चार-पाच दिवस खिडक्या उघड्या ठेवा. घर रिकामं असेल तर मोऱ्यांच्या आणि बेसिनच्या वळणदार नळीतलं पाणी उडून जातं आणि गटाराचा वास वर येतो, म्हणून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. काचा आतबाहेरून पुसा, दिव्यांच्या झाकणांतली मेलेली पाखरं झटका.

दुरुस्त केलेल्या जागांचे आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो, साहित्याची बिलं आणि रंगांच्या छटांचे क्रमांक एका फाइलीत लावून ठेवा. ओलीची भिंत दुरुस्त केली असेल तर त्या भिंतीसमोर उभं राहून काय झालं होतं, काय केलं आणि केव्हा केलं हे स्वतःहून सांगा. उरलेल्या रंगाच्या डब्यावर खोलीचं नाव लिहा, झाकण ठोकून घट्ट बसवा आणि डबा नव्या मालकासाठी माळ्यावर ठेवा.